मणिधनू आणि रानपिंगळा

तळोद्याला समुद्र नाही. तो पश्चिमेस सुमारे शंभर मैलांवर, सुरतेच्या पलीकडे आहे, आणि आमच्या दोन्ही नद्या, म्हणजे दक्षिणेची तापी आणि सातपुड्याच्या पाठीमागची नर्मदा, त्याच्याकडे धावत जातात, एवढाच काय तो आमचा आणि त्याचा संबंध. तरीही खडकाळ काठावर उभे राहून पाण्यावर उतरलेले इंद्रधनुष्य आणि तहानेने खाली आलेली श्वापदे पाहण्याचा योग ज्या मुलखांना लाभला, त्यांत या मुलखाची गणना केली पाहिजे. कारण तळोद्याच्या उत्तरेस उभी असलेली डोंगरांची रांग चढून पलीकडे उतरले, की अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या हद्दीत नर्मदेचा तो काठ लागतो, जेथे काळ्या कातळाच्या उभ्या भिंती फोडून नदीने स्वतःची वाट काढलेली आहे, आणि जेथे माणसाला पाय ठेवण्यापुरती सपाट जागाही मोठ्या शोधाने मिळते. महाराष्ट्राच्या वाट्याला या नदीचा जेमतेम ७४ किलोमीटर लांबीचा एक काठ आला आहे, आणि तो सगळा आमच्या या कोपऱ्यात आहे.

कालिदासाने या साऱ्या गोष्टी एका ठिकाणी पाहिल्या होत्या. ‘मेघदूता’त रामगिरीहून उत्तरेस निघालेल्या मेघाच्या सावळ्या अंगावर प्रथम वारुळाच्या शेंड्यातून उगवलेला इंद्रधनुष्याचा तुकडा झळकतो, आणि पुढे थोड्याच श्लोकांत विंध्याच्या पायथ्याशी खडकांवर फुटून विखुरलेली रेवा येते, रानहत्तींच्या मदाने सुवासिक झालेले तिचे पाणी येते, आणि पहिल्या सरींनी भिजलेल्या जमिनीचा वास घेत मेघाचा मार्ग सुचविणारी हरणे येतात. ती रेवा आमच्या काठची नव्हे, पुष्कळ वरच्या अंगाची. पण नदी एकच आणि कातळही त्याच स्वभावाचा. हत्तींची गोष्टही निव्वळ कविकल्पना समजू नये. अबुल फजलच्या ‘आइन-इ-अकबरी’त बिजागडच्या मुलखात रानहत्ती सापडत असल्याचे नमूद आहे, आणि बिजागड म्हणजे आजच्या खरगोणचा प्रदेश, आमच्या सरहद्दीहून नदीच्या वरच्या बाजूस फारसा दूर नसलेला; तसेच १६१८ साली जहांगीर बादशहा दोहदच्या अरण्यात हत्तींच्या शिकारीसाठी जातीने गेला होता. आज या दोन्ही ठिकाणी हत्ती दिसेल तर तो मिरवणुकीतला.

इंद्रधनुष्य पाहण्याविषयी आपल्या पूर्वजांनी जे नियम घालून दिले, ते मला फार अर्थपूर्ण वाटतात. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात असे सांगितले आहे की आकाशात इंद्राचे आयुध दिसले तर शहाण्याने ते दुसऱ्या कोणास दाखवू नये; आणि गौतमाच्या धर्मसूत्रात त्याला इंद्रधनू न म्हणता मणिधनू म्हणावे असा संकेत आहे. निषेधाचे कारण ग्रंथकार देत नाहीत. उगारलेल्या शस्त्राकडे बोट करू नये, असा त्यामागे भाव असेल. परंतु प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने पाहिले असता त्या निषेधात एक सत्य अनायासे येऊन बसले आहे. कारण धनुष्य ही आकाशात टांगलेली वस्तू नसून सूर्य, पाहणाऱ्याचा डोळा आणि पावसाचे थेंब यांच्यामध्ये जुळून येणारा एक कोन आहे, आणि शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांच्या डोळ्यांत शिरणारे रंग वेगवेगळ्या थेंबांतून आलेले असल्यामुळे, ज्याचे त्याचे धनुष्य निराळे असते. माझे धनुष्य मी तुम्हांला दाखवू म्हटले तरी दाखवू शकत नाही. तुम्ही पाहाल ते तुमचे.

वराहमिहिराने तर सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’चा एक स्वतंत्र अध्याय या विषयाला दिला. वाऱ्याने विस्कटलेले सूर्याचे नानावर्णी किरण ढगाळ आकाशात धनुष्याच्या आकाराने दिसतात, ही त्याची उपपत्ती. आणि ती सांगून झाल्यावर, अनंताच्या कुळातील नागांच्या निःश्वासातून ते उद्भवते असे मानणाऱ्या आचार्यांचे मतही तो तेवढ्याच शांतपणे नोंदवितो. पुढे पर्जन्याचा अंदाज आहे: पूर्वेकडचे धनुष्य अवर्षणात पाऊस आणते आणि पाऊस चालू असताना तो थांबविते, पश्चिमेकडचे मात्र सदैव पाऊसच सांगते. धनुष्य नेहमी सूर्याच्या समोरच्या बाजूस उमटत असल्याने पश्चिमेचे धनुष्य सकाळचे असते, म्हणजे त्या वेळी पाऊस पश्चिमेस असतो; आणि आमच्याकडे आषाढ-श्रावणातला वारा बहुधा तिकडूनच वाहत असल्याने तो पाऊस आपल्याकडे येतो. संध्याकाळी पूर्वेस धनुष्य दिसले तर सर आपल्यावरून निघून गेलेली असते. तळोद्याच्या बाजारात भिजलेल्या गोणपाटाखाली ज्वारी झाकून उभा असलेला शेतकरी आकाशाकडे पाहून जे अनुमान करतो, ते याहून निराळे नाही. त्याला संहितेचे नाव ठाऊक नसते, एवढेच.

धनुष्याची कड सूर्याच्या विरुद्ध बिंदूपासून सुमारे ४२ अंशांवर असते. त्यामुळे सूर्य त्याहून वर चढला की सपाटीवरून ते दिसत नाही. तळोदा कर्कवृत्ताच्या थोडेसेच दक्षिणेस असल्याने पावसाळ्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, आणि सकाळी सव्वानऊच्या सुमारापासून दुपारी चारच्या सुमारापर्यंत, कितीही ऊनपाऊस झाला, तरी आमच्या सपाटीवरच्या माणसाला धनुष्य दिसणे नाही. पण तोच माणूस डोंगराच्या कडेवर उभा राहिला आणि पाऊस त्याच्या पायाखालच्या दरीत पडत असला, तर हे बंधन सैल होते. क्षितिजाखालीही थेंब असल्याने कमान अर्धवर्तुळाच्या पुढे वाढत जाते. तोरणमाळ साडेतीन हजार फुटांहून उंच आहे, आणि तेथील सीताखाईच्या काठावरून मी एकदा आश्विनातल्या परतीच्या पावसात असे धनुष्य पाहिले, की ज्याची दोन्ही टोके माझ्या पायांच्या पातळीखाली जाऊन एकमेकांकडे वळली होती, आणि ज्याच्या बाहेर दुसरे, फिकट, उलट्या रंगांचे धनुष्य उभे होते, व त्या दोहोंमधली आकाशाची पट्टी आजूबाजूच्या ढगांहून स्पष्टपणे काळी होती. तोरणमाळाचे नाव तोरण या झुडपावरून पडले असे सांगतात. त्या सकाळी मला ती व्युत्पत्ती मान्य करणे जड गेले. याच रांगेत अस्तंब्याचे शिखर आहे, जेथे मस्तकावरचा मणी गमावलेला अश्वत्थामा जखमेसाठी तेल मागत फिरतो अशी श्रद्धा आहे, आणि दिवाळीत तळोद्याकडून कोठारच्या वाटेने हजारो माणसे रात्रीच्या रात्री तो डोंगर चढतात. धर्मसूत्रातला मणिधनू हा शब्द वाचताना मला ते शिखर आठवल्याशिवाय राहत नाही.

नदीचा काठ पायी पाहणाऱ्यांत सर्वांत जुनी जात परिक्रमावासीयांची. तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस हा परिक्रमेचा शास्त्रोक्त काळ. नर्मदा सदैव उजव्या हाताला ठेवायची, ती ओलांडायची नाही, आणि चातुर्मासात एका जागी राहायचे. दक्षिणतटाने जाणारा हा यात्रिक पश्चिमेकडे चाललेला असतो, म्हणून सकाळच्या उन्हात अवचित सर आली तर धनुष्य त्याच्या वाटेवर, अगदी समोर पडते. वरच्या बाजूस हिरणफाळ, जेथे खडकांनी नदी इतकी आवळली होती की हरीण उडी मारून पलीकडे जाईल अशी समजूत. तेथून पुढे शूलपाणीची झाडी, जिचे नाव परिक्रमेच्या मराठी वृत्तांतांत भयाने घेतलेले आढळते. तेथे वस्त्रेसुद्धा काढून घेतात, असे लिहिणारे पुष्कळ झाले. परंतु त्याच वृत्तांतांत थोडे बारकाईने शोधले, तर उघड्या झालेल्या त्या वाटसरूला मक्याची भाकर देणाऱ्या झोपड्याही सापडतात, आणि मगर कोणत्या डोहात आहे, अस्वल कोणत्या वेळी मोहाखाली येते, पाणी किती हात चढेल, हे त्याला सांगणारी माणसेही त्याच झोपड्यांतली असतात. या मुलखाचे खरे निरीक्षक ते होते. त्यांचे दफ्तर मात्र कोठेही नाही.

दफ्तर आहे ते सरकारचे. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या अंमलाखाली आला, तेव्हा लुटालुटीने आणि दुष्काळाने परगणेच्या परगणे ओस पडले होते, आणि उजाड गावांच्या पांढरीवर जंगल चढून त्यात वाघ राहू लागले होते. १८२५ साली जेम्स आउट्रम याने धरणगावी भिल्लांची पलटण उभारण्यास आरंभ केला, आणि ज्या लोकांना वठणीवर आणण्यासाठी तो आला होता त्यांचा विश्वास त्याने मुख्यत्वे त्यांच्याबरोबर शिकार करून संपादन केला. त्या सुमारे दहा वर्षांत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी २३५ वाघ मारले, आणि त्यांपैकी १९१ वाघांच्या अंतकाळी तो स्वतः हजर होता, असा हिशेब त्याच्या चरित्रात दिला आहे. गुरे आणि माणसे खाणाऱ्या वाघाची भीती ज्याने अनुभवली नाही त्याने या आकड्यांना नावे ठेवू नयेत, हे मला कळते. परंतु एखाद्या प्रदेशातले प्राणी किती, हे मोजण्याची रीत मेलेल्यांच्या संख्येवरून पडावी, आणि पुढे बक्षिसाच्या रकमा वाटणाऱ्या कचेरीचा जमाखर्च हीच त्या प्राण्यांची एकमेव खानेसुमारी ठरावी, याचे मला वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

१८८० साली मुंबई सरकारच्या गॅझेटिअरचा बारावा खंड, म्हणजे खानदेशचा, प्रसिद्ध झाला. त्या काळच्या नोंदींत तळोदा हा इमारती लाकडाचा खानदेशातील मुख्य बाजार. रोशा गवताच्या तेलाचा आणि धान्याचाही मोठा व्यापार. आणि खानदेशातल्या उत्तम लाकडी गाड्या येथेच तयार होत, एकेकीची किंमत सुमारे ४० रुपये. या कोरड्या ओळींत अख्खे अरण्य सामावलेले आहे. गाडीचे चाक करायचे तर तुंब्याला एक लाकूड, आऱ्यांना दुसरे, आणि पुठ्ठ्यांना तिसरे लागते. वरच्या डोंगरात कोणते झाड कोठे आहे याची माहिती असल्याखेरीज सुताराचा हात चालत नाही. रोशा म्हणजेच तिखाडी. पावसाळा सरताना उतारावर तिचे लालसर तुरे डोलू लागले, की गवत कापून, ओढ्याच्या काठी भट्टी लावून, वाफेतून तेल काढीत. ते तेल मुंबईमार्गे अरबस्तानात आणि तुर्कस्तानात जाई, आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. इस्तंबूलच्या बाजारात गुलाब म्हणून विकल्या जाणाऱ्या कुपीत आमच्या उतारावरचे गवत असे. आजही पहिल्या सरीनंतर तो वास उतारावरून खाली येतो, आणि ज्याने तो लहानपणी घेतला त्याला इंद्रधनुष्य म्हटले की रंगांआधी तो वास आठवतो.

याच काळात या मुलखाकडे निराळ्या नजरेने पाहणारा एक मुलकी अंमलदार खानदेशात फिरत होता. जेम्स डेव्हिडसन हे त्याचे नाव. महसुलाच्या कामासाठी तंबू घेऊन हिंडत असता त्याने पक्षी पाहिले, अंडी आणि कातडी जमविली, आणि पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची एक कच्ची यादी ए. ओ. ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात १८८१ च्या सुमारास छापली. राष्ट्रसभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूम. त्यांनी १८७३ साली एका ठेंगण्या घुबडाचे वर्णन प्रसिद्ध केले होते; पहिला नमुना ब्लुइट नावाच्या गृहस्थाने १८७२ च्या डिसेंबरात छत्तीसगडातील फुलझर येथे मिळविला होता, म्हणून पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ब्लुइटचे नाव आले. आपण त्याला रानपिंगळा म्हणतो. डेव्हिडसनला तो शहादा-तळोद्याच्या बाजूस मिळाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याची सातच कातडी जमली, त्यांतली बहुतेक आमच्या या पायथ्याची. आणि १८८४ नंतर कोणी एकही विश्वसनीय नोंद केली नाही.

पुढील शतकात पुष्कळांनी त्याचा शोध घेतला. ‘हँडबुक ऑफ द बर्ड्स ऑफ इंडिया अँड पाकिस्तान’ या ग्रंथाचे कर्ते सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्या पिढीतल्या थोर पक्षिशास्त्रज्ञांनाही तो लाभला नाही. त्यांच्यापुढे एक आणखी नोंद होती: रिचर्ड माइनर्ट्झहॅगन नावाच्या नामांकित इंग्रज सेनाधिकाऱ्याने १९१४ साली तापीकाठच्या मांडवी येथे हा पक्षी मारल्याचे सांगितले होते. शोध घेणारे त्या नोंदीवर विसंबले. १९९९ साली पामेला रास्मुसेन आणि नायजेल कॉलर यांनी सिद्ध केले की ते कातडे मांडवीचे नव्हतेच. ते डेव्हिडसनचेच होते, ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेले आणि नव्याने भरून, खोटी चिठ्ठी बांधून परत ठेवलेले. पक्षी भरण्याची प्रत्येकाची एक धाटणी असते. ती लपविण्याचा प्रयत्न झाला होता, तरी आत ती शिल्लक राहिली होती. म्हणजे आमच्या डोंगराच्या पायथ्याशी शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या एका पक्ष्याला त्याचे गाव नाकारले गेले, आणि त्यापायी त्याच्या जिवंत भाईबंदांचा शोध भलत्या ठिकाणी होत राहिला.

हे संशोधन छापून येण्यापूर्वीच त्या खोट्या नोंदीला बाजूस सारून रास्मुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे जुन्या चिठ्ठ्यांवरच्या खऱ्या ठिकाणी फिरले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांना रानपिंगळा दिसला. निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर, लख्ख उन्हात, तो बसलेला होता. ११३ वर्षे ज्याला नाहीसा झालेला मानले, तो दिवसा वावरणारा आणि उघड्या फांदीवर बसण्याची सवय असलेला पक्षी आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे नाहीसे होणे या शब्दाचा अर्थ मला नव्याने शोधावा लागतो. त्याच फांदीखालून मोहाची फुले वेचणारी बाई गेली असेल, गुराखी गेला असेल, जंगलखात्याचा नाकेदार गेला असेल. कोणी विचारले नाही, म्हणून कोणी सांगितले नाही. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी मध्य भारतातील जुनी ठिकाणे पालथी घातली. त्यांना चार जंगलांत मिळून २५ पक्षी आढळले, आणि त्या चारांत तळोदा आणि तोरणमाळ ही दोन जंगले होती.

जंगल म्हटले, पण ते कोणते उरले होते? सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील ३३ गावे जाणार हे ठरल्यावर, काठावरच्या लोकांना जमीन देण्यासाठी १९९० साली आणि पुढे पुन्हा, मिळून ४,२०० हेक्टर राखीव वन तळोद्याच्या बाजूस मोकळे करण्यात आले. सोमावल, रोझवा येथे वसाहती झाल्या. नदीकाठ बुडाला म्हणून नदीची माणसे जंगलात आली, आणि त्यांना जागा व्हावी म्हणून जंगल गेले. माणसांनी यांपैकी काही मागितले नव्हते आणि पक्ष्यांनीही नाही. या हिशेबात दोषाचे माप त्या माणसांच्या पदरात टाकणारा कोणी भेटला, की मला संताप येतो. मणिबेलीच्या ज्या काठावर त्यांच्या पिढ्या मासळीवर आणि मक्यावर जगल्या, तो काठ आज कित्येक हात पाण्याखाली आहे.

धरण २०१७ साली १३८.६८ मीटर या पूर्ण उंचीने राष्ट्राला अर्पण झाले, आणि डोंगरांच्या सोंडा पाण्यात शिरून सातपुड्याला खरोखरच एक किनारा आला: दंतुर, खडकाळ, ज्याच्या खाडीसारख्या फाट्यांतून आता होड्या आणि तरंगता दवाखाना फिरतो. या किनाऱ्यावर धनुष्याचा एक नवा प्रकार पाहावयास मिळतो, हे मी खिन्नतेने, पण खरे म्हणून लिहितो. वाहत्या, खडकांवर फुटणाऱ्या नर्मदेत आकाश कधी उमटत नसे. आता पाणी थांबले आहे. पाठीमागे असे विस्तीर्ण निश्चल पाणी असले, तर त्यावरून परतलेल्या सूर्यप्रकाशानेही एक कमान उभी राहते, नेहमीच्या धनुष्याच्या पायथ्यापासून निघून त्याच्याहून उंच जाणारी. भाद्रपदातल्या एका सकाळी होडीत माझ्याबरोबर बसलेल्या, आता तळोद्याकडच्या वसाहतीत राहणाऱ्या एका वृद्ध बाबांनी त्या दोन कमानींकडे थोडा वेळ पाहिले, आणि मग पाण्यात एका जागी हात करून, तिथे आमची चिंच होती, एवढेच म्हटले.

त्याच आठवड्यात संध्याकाळी मी तळोद्याच्या वरच्या उरलेल्या सागवानात बसलो होतो. पाऊस पूर्वेकडे निघून गेला होता, आणि धनुष्याचे डावे टोक तोरणमाळकडच्या डोंगरांवर टेकले होते. समोरच्या वाळलेल्या सागावर, दोन पुरुष उंचीवर, रानपिंगळा बसलेला होता: ठिपक्यांवाचूनचा राखी माथा, छातीवर रुंद तपकिरी पट्टे, आणि पायांवर बोटांपर्यंत दाट पांढरी पिसे, जणू थंडीसाठी मोजे घातले असावेत. शेपूट तो दोन्ही बाजूंना झटक्याझटक्याने हलवीत होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, आणि लगेच नजर खाली तिखाडीत वळविली, जेथे ऊन खाण्यासाठी काही तरी बाहेर आले होते. मग तो दगडासारखा खाली पडला, गवत हलले, आणि चोचीत सापसुरळी धरून तो पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसला.